मालिनीला पडलेलं मत

मालिनी राहायची मिशिगनमधल्या नोव्हायला, पण तिचा जीव अडकला होता अठराशे चव्वेचाळीस सालच्या एका निवडणुकीत. तीही अमेरिकेतली नव्हे, भारतातली तर नव्हेच, नदीपलीकडच्या कॅनडातली. तेव्हा कॅनडा इंग्रजांची वसाहत होता आणि तिथलं मतदान तोंडी चालायचं. गावाच्या मधोमध फळ्यांचा मंच उभारायचा, त्यावर उमेदवार उभे, खाली अर्धा गाव व्हिस्की पिऊन जमलेला. मतदाराने पुढे यायचं, आपलं नाव सांगायचं, आपली जमीन कुठं ते सांगायचं आणि मग ज्याला मत द्यायचं त्याचं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं. ज्याच्या जमिनीवर आपण राहतो तो समोर उभा, ज्याच्या गिरणीत आपलं दळण जातं तो शेजारी उभा. आता सांगा, काय सांगायचं ते.

त्या वर्षी एका मतदारसंघात काही बायकांनीही मत दिलं. त्यांच्या नावावर जमीन होती आणि बायकांनी मत देऊ नये असं तोपर्यंत कायद्यात कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, कारण त्या येतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पडलेल्या उमेदवाराने बोंब ठोकली आणि पुढच्या पाच वर्षांत बायकांना बंदी करणारा कायदा झाला. मालिनीचा प्रबंध या बायकांवर होता. त्यांनी जे नाव घेतलं ते त्यांच्या मनातलं होतं, की कुणाच्या तरी नजरेखाली तोंडातून निघालेलं, एवढाच तिचा प्रश्न. तिचं उत्तरही ठरलेलं होतं. उघड्यावर माणूस भीतीने बोलतो. मध्ये पडदा टाकला की खरं बोलतो. हे वाक्य तिने दुसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं आणि तिला ते फार आवडायचं.

जुनी वर्तमानपत्रं वाचायला ती पूल ओलांडून विंडसरला जायची. दोन हजार एकच्या हल्ल्यानंतर सीमेवरचे अधिकारी कुणालाच सरळ सोडत नव्हते. येण्याचं कारण विचारलं की मालिनी सांगायची, ‘इलेक्शन.’ कोणतं, असं विचारलं की, ‘एटीन फॉर्टी-फोर.’ एकदा एका अधिकाऱ्याने तिच्या अमेरिकन पासपोर्टाकडे, मग तिच्या कुंकवाकडे पाहिलं आणि तिला तासभर बाजूला बसवून ठेवलं. घरी येऊन तिने ते हसत हसत सांगितलं, तर राजीव म्हणाला, “कशाला नसतं बोलायचं? टुरिस्ट म्हणायचं ना!”

राजीव तिचा नवरा. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मेकॅनिकल इंजिनीअर. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. व्यसन नाही, ओरडणं नाही, दर शनिवारी कॉस्टकोतून सामान आणणारा. मालिनी अमरावतीची, इतिहासात एम.ए.; लग्नाआधी दोन वर्षं कॉलेजात शिकवायची. लग्न करून आली ती अशा व्हिसावर, की पोळ्या करण्याव्यतिरिक्त दुसरं काम करायला परवानगीच नव्हती. पुढे रीमा झाली, ग्रीन कार्ड झालं, नागरिकत्व झालं आणि चाळिशी आल्यावर तिने डेट्रॉइटच्या युनिव्हर्सिटीत नाव घातलं. लोक म्हणाले, या वयात पीएच.डी.? आणि तीही इतिहासात? त्यातून काय मिळणार? पार्टीत कुणी विचारलं की राजीव सांगायचा, “करू दे यार, तेवढाच तिचा टाइम जातो.” तो हे इतक्या प्रेमाने म्हणायचा, की त्यातलं कुसळ फक्त मालिनीलाच टोचायचं.

तिथल्या मराठी मंडळात मालिनी सहा वर्षं सेक्रेटरी होती. हॉल बुक करणं, नाटकवाल्यांना विमानतळावरून आणणं, गणपतीत उकडीच्या मोदकांसाठी बायका गोळा करणं, शाळेच्या कॅफेटेरियाच्या मॅनेजरच्या हातापाया पडणं, सगळं तिच्याकडे. अध्यक्ष मात्र ठरायचा विक्रमच्या बेसमेंटमध्ये. विक्रम राजीवच्याच कंपनीत डायरेक्टर. अर्धं मंडळ त्याच्या हाताखाली कामाला, आणि उरलेल्या अर्ध्यातले निम्मे अशा लोकांच्या हाताखाली जे विक्रमबरोबर दुपारचं जेवायचे. त्याच्या बेसमेंटमध्ये स्कॉच निघायची, त्याची बायको लता सुरमई तळायची आणि रात्र संपेपर्यंत पुढच्या वर्षीचा अध्यक्ष बिनविरोध निवडून आलेला असायचा. मग सभेत नुसते हात वर करायचे आणि मालिनीने वृत्तांतात लिहायचं, ‘सर्वानुमते’. आपल्या लोकांना निवडणूक आवडते, पण ती होऊन गेलेली.

दोन हजार सहाच्या गणपतीनंतरच्या बैठकीत मालिनीने एक सूचना केली. सूचना साधी होती: कार्यकारिणीत निम्म्या बायका असाव्यात. विक्रम खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, “वहिनी, तुम्ही फक्त मिनिट्स लिहा ना. ते तुम्हाला छान जमतं.”

सगळे हसले. विक्रम हसला त्याचं तिला काही वाटलं नाही. पण शेजारी राजीव होता आणि तोही हसला. मोठ्याने नाही, नुसता नाकातून. मालिनी तीन दिवस त्या हसण्यावर जळत राहिली. चौथ्या दिवशी तिने जाहीर केलं, या वेळी मी अध्यक्षपदाला उभी राहणार.

अध्यक्ष होऊन तिला काय मिळणार होतं? नाटकवाल्यांना विमानतळावरून आणणं चुकणार नव्हतंच. तिला पाहायचं एवढंच होतं, की ज्यांच्यासाठी ती इतकी वर्षं राबली त्यातली किती माणसं तिच्या बाजूने उभी राहतात. आणि सगळ्यांत आधी, एक माणूस राहतो का. हा विचार करताना बाकीचे तिच्या मनात गर्दीसारखे होते. चेहरा फक्त राजीवचा होता.

“उभी राहा ना,” राजीव म्हणाला. “माझं व्होट तर तुलाच आहे.”

“आणि हात वर करायला लावले तर? विक्रम समोर बसलेला असेल. सोमवारी ऑफिसात काय?”

राजीव हातातल्या पेपरची घडी घालायला लागला. तो हिवाळाच तसला होता. गाड्यांचा धंदा बसत चालला होता, दर महिन्याला कुणीतरी पुठ्ठ्याचं खोकं छातीशी धरून पार्किंग लॉटमधून जाताना दिसायचं. मालिनीला त्याची कीव आली. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांची भीती जिला कळते तिला घरातल्याची कळू नये का? तिने ठरवलं, चिठ्ठ्या टाकून मतदान झालं पाहिजे. स्वतःसाठी नाही, त्याच्यासाठी. त्याला मोकळेपणाने तिचं नाव लिहिता यावं म्हणून.

ती भांडली. ईमेलवर भांडली, फोनवर भांडली. विक्रम गोड हसून म्हणायचा, “अहो वहिनी, आपलं घरचं मंडळ. चिठ्ठ्या कशाला? इथे कोण कोणाचा शत्रू आहे?” शेवटी मध्यस्थी केली दिगंबरकाकांनी. हे मुलाकडे कायमचे राहायला आलेले, मंडळातले सगळ्यांत वडीलधारे, आणि दर वर्षी निवडणूक अधिकारी तेच. “होऊ द्या हो चिठ्ठ्या,” ते म्हणाले. “झाकली मूठ सव्वा लाखाची.” मालिनीला वाटलं, आपण जिंकलो. राजीव तर इतका खूश झाला, की चिठ्ठ्या त्यानेच कापल्या, एकसारख्या, पट्टी लावून. ती त्याच्याकडे बघत राहिली. बिचाऱ्याच्या डोक्यावरून केवढं ओझं उतरलंय, असं तिला वाटलं. ओझं उतरलं होतं हे खरंच. कोणतं, ते तिला कळलं नाही.

तिच्याविरुद्ध या वेळी विक्रम स्वतःच उभा राहिला; तिचं नाव सुचवायला सुमेधा तयार झाली. सुमेधा तिची सतरा वर्षांची मैत्रीण; रीमाच्या जन्माच्या वेळी हॉस्पिटलात हीच बसली होती. सुमेधाचा नवरा गुरुदत्त विक्रमच्या डिपार्टमेंटला. “तो काय करायचं ते करो,” सुमेधा म्हणाली, “माझं मत माझं आहे गं.” आणखी बायकांचे फोन आले. तू उभी राहिलीस ते फार बरं केलंस, आम्ही आहोत हं पाठीशी. मालिनी मनातल्या मनात मोजायची, वीस तर कुठे गेले नाहीत. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पण जेवणाऱ्याला भूक लागलेली असली की तोही सुवासिक लागतो.

डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी, शाळेच्या कॅफेटेरियात सभा भरली. बाहेर बर्फ, आत बटाटेवडे. एका कोपऱ्यात नाटकाचा जुना पडदा दोरीवर टाकून आडोसा केला होता. दिगंबरकाका माइकवर नियम सांगायला लागले. “एकेकाने आत जायचं, नाव लिहायचं, घडी घालून खोक्यात टाकायची. आणि उमेदवारांनी आपली चिठ्ठी कोरी टाकायची बरं का. स्वतःचंच नाव लिहिणं आपल्यात बरं दिसत नाही.”

“ऑफ कोर्स, काका,” विक्रम म्हणाला. मालिनीनेही मान डोलावली.

पण पडद्याआड गेल्यावर ती तशीच उभी राहिली. टेबलावर पेन, समोर कोरी चिठ्ठी, पलीकडे वड्यांचा वास आणि माणसांचा कलकलाट. तिला त्या बायका आठवल्या. अठराशे चव्वेचाळीस सालच्या चिखलात घागरे सावरत मंचापाशी गेलेल्या. त्यांना निदान दुसऱ्याचं नाव घ्यायचं होतं. आपण स्वतःवरच विश्वास ठेवला नाही तर दुसऱ्याने का ठेवावा, असं तिला वाटलं. तिचं देवनागरी अक्षर सहा वर्षांच्या वृत्तांतांमुळे मंडळात सगळ्यांना ओळखीचं होतं, म्हणून तिने इंग्रजीत ठळक, सुट्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं. चोरी केल्यासारखं वाटलं आणि जरासं छानही वाटलं.

मोजणी दिगंबरकाकांनी सगळ्यांदेखत केली. एकेक चिठ्ठी उलगडायची आणि मोठ्याने वाचायची. “विक्रम. विक्रम. विक्रम. कोरी. विक्रम.” पहिल्या दहा चिठ्ठ्यांपर्यंत मालिनीने चेहऱ्यावर हसू ठेवलं. विसावीनंतर हॉलमधला आवाज कमी कमी होत गेला. तिसावीनंतर बायका आपापल्या प्लेटकडे बघायला लागल्या. काकांचाही आवाज खाली आला. ते आता वाचत नव्हते, उरकत होते. मालिनीने खोक्यात पाहिलं, तळ दिसत होता.

“मालिनी,” काका एकदम उत्साहाने म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांसारखं अपमानाचं दुसरं काही तिने आयुष्यात अनुभवलं नव्हतं. त्यानंतरच्या चिठ्ठ्या पुन्हा विक्रमच्या. बावन्न विक्रमला, सहा कोऱ्या, आणि एक मालिनीला.

विक्रम स्वतः उठून आला, हात जोडून म्हणाला, “वहिनी, काम तर तुम्हालाच करायचंय. सेक्रेटरी तुम्हीच.” लोक पुन्हा हसले. मालिनी ‘हो’ म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

भांडी आवरायला ती आतल्या ओट्यापाशी गेली तर मागोमाग सुमेधा आली. डोळे लाल. तिने मालिनीचा दंड घट्ट धरला. “मला इतकं वाईट वाटतंय गं. सगळ्या मेल्या खोटारड्या. पण ऐक, ते एक माझं होतं. गुरुदत्तला बोलू नकोस हं, प्लीज.”

मालिनीने तिच्याकडे पाहिलं. सतरा वर्षांची मैत्रीण, आणि खरंच रडत होती. “माहितीय गं मला,” मालिनी म्हणाली आणि पातेलं विसळायला घेतलं.

पार्किंग लॉटमध्ये राजीव गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होता. दिगंबरकाका मफलर सावरत तिच्याजवळ आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, “बाळ, मनाला लावून घेऊ नकोस. अधिकारी म्हणून बोलायला नको, पण ते एक या म्हाताऱ्याचं होतं.” तिने वाकून त्यांना नमस्कार केला. नाहीतर हसू फुटलं असतं. एका मताचे दोन धनी झाले होते, आणि खरी धनीण गप्प.

गाडीत बसेपर्यंत तिचा राग जवळजवळ विरला होता. लोक काय, लोक भित्रे असतात; त्यावर तर तिने शंभर पानं लिहिली होती. पण सीटबेल्ट लावताना तो हिशोब तिच्यासमोर येऊन बसला. मत एकच, आणि ते तिचं स्वतःचं. म्हणजे राजीवने काय लिहिलं? विक्रम? की सहा कोऱ्यांतली एक त्याची होती? पडदा तिनेच टांगायला लावला होता. हात वर करायचे असते तर शेजारी बायको बसलेली असताना त्याला लाजेकाजेस्तव का होईना, तिच्यासाठी हात वर करावा लागला असता. त्या बिचाऱ्याला विक्रमची भीती वाटते असं ती समजत होती. पडद्याआड विक्रमही नव्हता, आणि तीही नव्हती. पडद्याआड माणूस खरं बोलतो हे तिने लिहिलं होतं. ते खोटं ठरलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

का, हे तिला कधीच कळणार नव्हतं. नोकरीची सवय अंगात इतकी मुरली होती म्हणून? ‘मालिनीचे मिस्टर’ म्हणून लोक ओळखायला लागले होते म्हणून? प्रबंध लिहिणारी बायको एक वेळ चालते, खुर्चीत बसलेली नको, म्हणून? की तिच्याविषयी त्याला फारसं काही वाटतच नव्हतं, ना बरं ना वाईट? विचारायची सोय नव्हती. विचारायचं तर आधी सांगावं लागणार, ते मत मी मलाच दिलं होतं.

आता तिला नवऱ्याकडून एकच गोष्ट हवी होती: त्याने गप्प बसावं. नुसतं गप्प. गाडी चालवावी, हीटर वाढवावा, रस्ता निसरडा आहे म्हणावं. भित्र्या नवऱ्याबरोबर राहता येतं, तिच्या आईने अख्खा जन्म काढला होता. मॉल मागे पडला, सिग्नल लागला. राजीवने रेडिओ बंद केला आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“ते एक माझं होतं बरं का,” तो म्हणाला. “बाकी कुणी दिलं नाही तरी मी आहे.”

सिग्नल हिरवा झाला. तो हात तसाच ठेवून एका हाताने गाडी चालवत राहिला. मालिनी खिडकीबाहेर बघत होती. खोटं बोलणं त्याला इतकं सोपं जातं हे तिला अठरा वर्षांत ठाऊक नव्हतं. किंवा आजवर पडताळून बघायची वेळच आली नव्हती. कुंपण शेत खातं, ते ऐकलं होतं. खाऊन वर राखण केल्याचं श्रेय मागतं, हे नवीन होतं.

घरी रीमा स्वयंपाकघरात सीरिअल खात उभी होती. सोळा वर्षांची, आई काय अभ्यास करते हे मैत्रिणींना अभिमानाने सांगणारी घरातली एकुलती एक. “सो? डिड यू विन?”

“वन व्होट,” राजीव बूट काढत म्हणाला. “ओन्ली वन. अँड गेस हूज.”

“ओह बाबा!” रीमाने वाडगा ठेवला आणि धावत येऊन त्याला मिठी मारली. “दॅट्स सो स्वीट. दोज पीपल आर हॉरिबल, बट यू आर द बेस्ट.” राजीव लाजला. तिच्या केसांवरून त्याने हात फिरवला. मग रीमाने वळून विचारलं, “वेट, आई. डिडन्ट यू व्होट फॉर युअरसेल्फ?”

हा प्रश्न राजीवला सुचलेलाच नव्हता. काका म्हणाले कोरी टाका, बायकोने मान डोलावली, म्हणजे तिने कोरीच टाकली, एवढं तो गृहीत धरून चालला होता. मालिनीला त्याच्या चेहऱ्यावर हिशोब होताना दिसला. एक मत, आणि जर ते हिचं असेल, तर. त्याचा मुलीच्या केसांवरचा हात थांबला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने मालिनीकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून इतकं लक्ष देऊन त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

एक शब्द पुरला असता. यस. मुलीने बापाच्या गळ्यातले हात काढले असते आणि ते पुन्हा कधी तितके घट्ट पडले नसते. मालिनीला तो शब्द बोलायचा होता, तो जिभेवर आलाही होता. मग तिने रीमाकडे पाहिलं.

“नाही गं,” ती म्हणाली. “मी कोरी टाकली.”

“दॅट्स सो लेम, आई! यू हॅव टू बिलीव्ह इन युअरसेल्फ,” रीमा म्हणाली. “ॲट लीस्ट बाबा डिड.”

“हो ना,” मालिनी म्हणाली.

राजीवने श्वास सोडला. जरा वेळाने त्याने विचारलं, चहा टाकतेस का, आणि मालिनीने चहा टाकला. पुढे दोन हजार आठमध्ये तिचा प्रबंध पूर्ण झाला तेव्हा त्याने घरी पार्टी दिली आणि सगळ्यांसमोर ती गोष्ट सांगितली, अख्ख्या मंडळात हिला एकच मत कसं पडलं आणि ते कुणाचं होतं. लता म्हणाली, नशीबवान आहेस गं. तोपर्यंत राजीवला ती गोष्ट स्वतःलाच खरी वाटायला लागली होती. सांगताना त्याचे डोळे भरून आले, आणि मालिनीने त्याला टिश्यू दिला.